मालकाच्या रकान्यात

१. अर्जदार: जिल्हा प्रशासन, बुरातेंग

फॉर्म आला तेव्हा मी बाजरी दुसऱ्यांदा टोकत होते. एप्रिल सरता सरता एक दणकट पाऊस झाला होता. त्याच्यावर विसंबून सगळ्या गावाने बी टाकलं, आणि मग एकोणीस दिवस आभाळ नुसतं पांढरं. जे उगवलं ते जळालं, जे उगवलं नाही ते मुंग्यांनी नेलं. वाकून वाकून माझ्या कमरेचा दगड झाला होता आणि पाठीवर बांधलेली धाकटी घामाने खाली घसरत होती.

मुखियाचा निरोप्या झुमो बांधावर येऊन उभा राहिला.

"वहिनी, कागद आहे."

"कोणाचा?"

"सरकारचा."

"मग सरकारला वाचायला सांग."

"सरकारला वाचता येतं गं. भरायला तू लागतेस."

मिशनच्या शाळेत मी पाचवीपर्यंत गेले होते. सासऱ्यांच्या, म्हणजे कुउरेच्या, घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, हे कोणाला सांगू नकोस, गावभरची पत्रं तुझ्या गळ्यात पडतील. त्या गेल्या आणि पत्रं पडली.

त्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, सरकारने देशभर नवे जिल्हे पाडले आणि आमच्या बुरातेंगच्या वाट्याला जिल्ह्याचं ठाणं आलं. बाजारात त्या दिवशी पितोची, ज्वारीच्या दारूची, मडकी दुपारीच संपली होती. आता ठाणं म्हटलं की कचेरी हवी, पोलीसचौकी हवी, साहेबलोकांची घरं हवीत. फॉर्ममध्ये बारा एकर लिहिलं होतं.

"बारा एकर कुठले?" मी झुमोला विचारलं.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या पायांखाली पाहिलं.

२. जागेचे वर्णन: रस्त्यालगतची सपाट, मोकळी जमीन

हे आधीच टाइप केलेलं होतं. मोकळी हा शब्द मी तीनदा वाचला.

मोकळ्या जमिनीत शियाची सात झाडं होती. त्यांतलं एक वीज पडून अर्धं जळालेलं, तरी उरलेल्या अर्ध्याने फळणारं. वर्षभराचं तेल त्या सात झाडांचं. रस्त्याच्या अंगाला ज्वारी, मध्ये बाजरी, बाजरीच्या ओळींत चवळी. घराच्या अंगाला भुईमुगाचे दोन पट्टे, ते माझे. आमच्यात घरातल्या बाईला स्वतःचं म्हणून एवढंच मिळतं. त्यातून मीठ येतं, मुलींचं कापड येतं, कोणाच्या मयताला जायचं तर हातात काहीतरी घेऊन जाता येतं.

दुसरं शेत आम्हाला नव्हतं. याला कारण माझे सासरे.

बुरातेंगला कोणी घर बांधायचं, विहीर खणायची, मेलेल्याला पुरायचं तर जमिनीत पहिली कुदळ माझ्या सासऱ्यांची. ते तेंगानसोब, भुईचे राखणदार. कोणी कोंबडी घेऊन आला, उकिडवा बसला आणि म्हणाला, भुई दाखवा, तर राखणदाराला नाही म्हणता येत नाही. भुई मागणाऱ्याला नाकारली तर ती राखणदारालाच नाकारते. म्हणून त्यांच्या बापाने दाखवली, त्यांनी दाखवली. नदीकडची काळी माती दाखवली. तिथली माशी चावली की माणूस आंधळा होतो म्हणून कोणी जात नव्हतं. विमानाने औषध फवारायला लागले तशी तीही मागायला लोक आले. टेकडीखालची दाखवली. मिशनला दाखवली, कापसाच्या गोदामाला दाखवली. शेवटी ज्याच्या हाताने सगळ्यांना जमीन मिळाली त्याच्याकडे घरामागचा एक तुकडा उरला. गावात यावर हसायचे. सासरेही हसायचे.

३. मालकाचे नाव: ~~भुई~~

ते दारापुढच्या मांडवाखाली ओंडक्यावर बसून तंबाखू चोळत होते. माझा नवरा दापिला खाली बसून कुदळीच्या दांड्यात पातं ठोकत होता.

"बाबा, मालक कोण म्हणून विचारलंय."

"कशाचा मालक?"

"शेताचा."

"दापिला कसतो. त्याला विचार."

"कसणारा नाही विचारलेला. मालक."

त्यांनी तंबाखू तोंडात सोडली. "मग लिही, भुई."

"माणसाचं नाव लागतं, बाबा."

"तिला माणसाचं नाव नाही."

दापिलाने ठोकणं थांबवलं. "तुमचं नाव लिहू दे की तिला. नाव लिहिल्याने काही हात झडत नाही."

"मी मालक? मी मालक असतो तर एकोणीस दिवस पाऊस बाहेर उभा ठेवला असता का?"

"तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरा कोणी लिहील."

"लिहू दे. लिहून ती त्याच्या घरी चालत जाणार आहे का?"

दापिला पुन्हा पातं ठोकायला लागला. बापाशी बोलताना तो नेहमी एक वाक्य आधी थांबायचा. मी इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, भुई असं लिहिलं. खाली वडिलांचे नाव असा रकाना होता. तो तसाच सोडला.

तात्पुरती कचेरी कापसाच्या गोदामात होती. वा नावाच्या शहरातून आलेला कारकून होता, अंगाला पावडरीचा वास. त्याने फॉर्म पाहिला आणि शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं.

"हा भुई कोण? आडनाव काय याचं?"

मी पाठीवरची धाकटी सावरली.

"बाई, याला घेऊन या. सही लागेल." मग ते सगळे हसले. वाईट हसले असं नाही. दुपारची वेळ होती, त्यांनाही करमणूक हवी होती.

त्याने पट्टी घेतली, माझ्या अक्षरांवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: पोरेकू, मुखिया. "हा निदान सहीला सापडतो," तो म्हणाला.

४. हा रकाना कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने यात काहीही लिहू नये.

पोरेकू मुखिया कसा झाला ते.

गोरा साहेब पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याबरोबर बंदुका होत्या. त्याने विचारलं, इथला मोठा कोण? सासऱ्यांचे आजोबा तेव्हा राखणदार. ते ज्वारीत लपून बसले. मोठा कोण म्हणून विचारतात ते मारायलाच, असं त्यांना वाटलं. शेजारच्या वाडीत दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेला एक माणूस होता, बोलका, कोणाचा कोणी नाही. त्याला पुढे ढकलला. गोऱ्याने त्याच्या डोक्यावर लाल टोपी ठेवली आणि म्हणाला, आजपासून तू. लोक महिनाभर पोट धरून हसले.

तो पोरेकूचा आजोबा. पुढे गोरा गेला, टोपी राहिली. गोऱ्यानंतर आमचे आले, मग सैन्य आलं, मग परत आमचे, परत सैन्य. जो आला त्याने येऊन विचारलं, इथला मोठा कोण? आणि टोपीवाला पुढे झाला. आता कोणी हसत नाही.

५. हरकत असल्यास

दापिलाने पाच दिवस विचार केला आणि सहाव्या दिवशी, बाजरीचा घट्ट साब खाता खाता, थाळीकडे बघत बापाला म्हणाला, "त्यांनी तुमच्याकडे मागितली का?"

"काय?"

"जमीन. उकिडवं बसून, कोंबडी घेऊन, कोणी मागितली का?"

"फॉर्म आला ना."

"फॉर्म म्हणजे काय कोंबडी आहे?"

सासरे चावायचे थांबले. मी भेंडीच्या कालवणाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी.

"नाही," ते म्हणाले. "मागितली नाही."

"मग जी मागितलीच नाही ती दिली कशी?"

म्हाताऱ्याच्या गालाची कातडी हलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना आपल्या पोरावर खूश झालेलं पाहिलं. हात न धुताच ते उठले, भुईच्या देवाच्या झाडाकडे गेले, पानांसकट एक फांदी कापून आणली आणि शेताच्या रस्त्याकडच्या कडेला आडवी ठेवली. बस. एक फांदी, हातभर लांब. जोवर ती तिथे आहे तोवर पलीकडे न मागता कुदळ मारणाऱ्याचं पोट फुगतं.

सोमवारी ठेकेदार ट्रक घेऊन आला. दक्षिणेकडच्या कुमासी शहराचा माणूस, गळ्यात टॉवेल. मजूर सगळे आमच्याच गावचे. ते फांदीपाशी आले आणि थांबले.

"काय झालं?"

"फांदी आहे, साहेब."

"उचला मग!"

कोणी उचलली नाही. ठेकेदाराने स्वतः उचलायला हात पुढे केला आणि सगळ्यांकडे पाहून परत घेतला. मग त्याने दक्षिणेकडून आणलेल्या आपल्या गवंड्याला हाक मारली. गवंडी वयस्क होता. त्याने टोपी काढून फांदी नीट पाहिली. "आमच्या गावालाही अशी झाडं आहेत, साहेब," तो म्हणाला. "मला पाच पोरं आहेत."

आठ दिवस काम बंद राहिलं. मजूर ट्रकच्या सावलीत झोपत. ठेकेदार बसून फांदीकडे बघे. त्या आठ दिवसांत एकदा रात्री पाऊस झाला, फार नाही, वीतभर ओल गेली. दुसऱ्या सकाळी दापिला आणि मी अंधुक उजेडातच शेतात उतरलो आणि सूर्य डोक्यावर येईस्तोवर मान वर केली नाही. त्याची पाठ माझ्यापुढे, दोन खांदे, मध्ये घामाची धार, आणि कुदळीचा आवाज एकसारखा. भुईमूग वर आला होता, चार चार पानांचा. दापिला माझ्या पट्ट्यात कधी काम करत नसे, ते बायकांचं. त्या दिवशी आपली ओळ संपल्यावर तो न विचारता माझ्या ओळीला लागला.

"तिकडे कशाला?" मी म्हटलं.

"तुझ्या भुईमुगाने हाक मारली."

नवव्या दिवशी पोरेकू मुखिया पायी आला. बरोबर छत्रीवाला नव्हता. मांडवाखाली सासऱ्यांसमोर जमिनीवर बसला.

"कुउरे, फांदी काढ."

"तुझ्या हुकमाला बांधलाय का मी?"

"अरे बाबा, मी सही नाही केली तर ते दुसऱ्याला मुखिया करतील, तो करेल. मला हौस आहे का?"

"मग दुसऱ्याला करू दे."

"माझ्या घरात अठरा माणसं खातात त्या टोपीवर," पोरेकू म्हणाला. त्याने कपाळ पुसलं. "आणि जिल्हा दुसऱ्या गावाला गेला तर? म्हणतायत तसं. दवाखाना जाईल. दिवे जातील. पोरं तुलाच शिव्या देतील."

"त्यांनी मागितली नाही," सासरे म्हणाले.

"मागतील. मागायचं कसं ते त्यांना मी सांगू का?"

दापिला मागून म्हणाला, "सांगू नका, काका. तेवढं सांगू नका."

पोरेकू उठून गेला. त्याने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगायची गरजही नसावी.

६. हरकतीचा निकाल

जिल्ह्याचे सचिव जर्व्हेस टुओलाँग अकरा मैलांवरच्या गावचे. राजधानीला, अक्राला शिकलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पण त्यांचं कूळ आणि आमचं कूळ थट्टेचं. ज्यांच्यात थट्टेचं नातं त्यांनी एकमेकांना काहीही बोलावं, मयतातही तिरडीपाशी बसून टवाळी करावी, आणि त्यावर कोणी रागवायचं नाही. दोन भाऊ भांडले, कोणी काही शपथ घालून ठेवली, भुईवर काही तापलेलं असलं, तर थट्टेकऱ्याने येऊन त्यावर राख टाकायची. राख त्याच घरच्या चुलीतली, आणि घरच्यांनी हसून दिलेली. ती पडली की ते थंड होतं. ते काम दुसऱ्या कोणाला जमत नाही.

जीप फांदीच्या अलीकडे थांबली. सचिव उतरले, बूट काढून जीपमध्ये ठेवले आणि अनवाणी आमच्या अंगणात आले. मागे ड्रायव्हर, त्याच्या हातात पांढरी कोंबडी, पाय बांधलेली.

दापिलाच्या ते लगेच ध्यानात आलं. तो बापाच्या कानाशी वाकला. "बाबा, हसायचं नाही. काही बोलला तरी हसायचं नाही."

"अरे गुलामांनो!" सचिव अंगणाच्या मधोमध ओरडले. "धनी आला तरी कोणी उठत नाही? म्हातारा अजून जिवंत? मी तर मयताचा पितो प्यायला आलो होतो!"

सासऱ्यांनी तोंड मिटून घेतलं.

"बघा, बघा, दात दाखवत नाही. दातही आमच्याकडे गहाण असतील. यांच्या आज्याला आम्ही विकत घेतला होता, बरं का ड्रायव्हर. एका मेलेल्या कुत्र्याच्या बदल्यात. तेही अर्ध्याच. पुढचा अर्धा याच्या काकाने रस्त्यातच खाल्ला."

कुंपणापाशी जमलेल्या बायका फिसकन हसल्या. सासऱ्यांची छाती हलत होती. दापिलाने त्यांचा खांदा धरला होता, जसा बैलाचा दोर धरतात तसा.

सचिव माझ्याकडे वळले. आमच्या रीतीने थट्टेकऱ्याला मी बायकोच.

"काय गं बायको, माझ्या मागे या गुलामाबरोबर राहतेस ते ठीक. पण बारीक का झालीस? साब देत नाही का हा? की तूच करतेस आणि तेच खाऊन बारीक झालीस?"

मला हसू आलं. काय सांगू, महिनाभर घरात कोणी हसलं नव्हतं. पोटातून आलं, आवरलं नाही.

"हसली! चला, निदान एक माणूस जिवंत आहे. आता नवऱ्यासाठी उठ आणि चुलीतली मूठभर राख आण. साब नको, बायको, मला जगायचंय. राखच आण, तुझ्या हातची तीच बरी लागते."

आणि मी हसत हसत आत गेले. चूल धुमसत होती. तुंब्याच्या वाटीत राख भरली, कोमट होती, आणि हसतच बाहेर आणली. त्यांच्या हातात वाटी दिली तेव्हा मला दापिलाचं तोंड दिसलं.

सचिवांनी राख आधी सासऱ्यांच्या पायांवर उडवली, मग चालत जाऊन फांदीवर टाकली. परत येऊन हात झटकत म्हणाले, "थंड झालं. आता सांग, म्हाताऱ्या, तो कुत्र्याचा मागचा अर्धा कुठे गेला?"

सासऱ्यांनी दापिलाचा हात खांद्यावरून बाजूला केला. "मागचा अर्धा तुझ्या आईने खाल्ला," ते म्हणाले. "शेपूट दातात अडकलं होतं, म्हणून तू असा बोलतोस."

सगळं अंगण हसलं. सचिव हसत हसत खाली बसले, आणि बसले ते उकिडवेच. ड्रायव्हरकडून कोंबडी घेतली. आवाज एकदम खाली आला, हळू, रीतीचा.

"आज्या, भुई दाखवा."

कोंबडी त्यांच्या हातात पंख फडफडवत होती. सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी ती घेतली. दुसरं ते काही करू शकत नव्हते.

सचिव निघताना त्यांच्याजवळ वाकले. "आज्या, माझ्यापुढे दुसरी वाट नव्हती."

"रीतीने मागितलीस," सासरे म्हणाले. "त्या गोऱ्यापेक्षा बरा."

जीप गेल्यावर दापिलाने मला विचारलं, "राख का दिलीस?"

"मागितली."

"चूल विझलीय म्हणायचं."

"धूर दिसत होता."

त्यानंतर कितीतरी दिवस तो आपली थाळी घेऊन कणगीमागे जाऊन जेवत होता.

७. नुकसानभरपाई

कारकुनाने इथे लिहिलं: लागू नाही, मोकळी जमीन.

८. साक्षीदार

मालकाच्या खाली पोरेकूने सही केली. सही त्याला येते, अक्षर वळणदार आहे. साक्षीदाराच्या खाली सासऱ्यांचा अंगठा. कारकुनाने त्यांचा हात मनगटाला धरून शाईच्या डबीत दाबला, कागदावर दाबला, आणि मग तो हात तसाच हवेत सोडून पुढचा कागद घेतला. सासरे तो उभा अंगठा घेऊन घरापर्यंत चालत आले, कपड्याला लागू नये म्हणून. मी शिया-तेलाने पुसला. शाई नखाच्या कडेला बरेच दिवस होती.

"मी कशाला साक्षीदार झालो?" त्यांनी विचारलं.

"मालकाने सही केली याला."

"हां," ते म्हणाले. "ते तर मी पाहिलं."

९. काम सुरू झाल्याची तारीख: ३० जून

मजूर तरी हलेनात. राख पडली, कोंबडी दिली, पण भुई राखणदाराच्या हाताने उघडल्याशिवाय ते कुदळ मारायला तयार नव्हते. तेव्हा सासऱ्यांना बोलावणं आलं. खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर सचिव, बाजूला पोरेकू छत्रीखाली, पोलिसांचा माणूस, मिशनचे फादर. सासऱ्यांना खुर्ची नव्हती, त्यांना उभंच राहायचं होतं.

आमच्या गुडघ्याएवढ्या बाजरीत त्यांनी एक दगड ठेवला. पितो ओतला. भुईशी बोलले, हळू, ओठ हलताना दिसत होते. मग पांढऱ्या कोंबडीचा गळा कापून तिला सोडली.

कोंबडी उताणी मेली तर भुईने घेतलं. पालथी मेली तर नाकारलं.

ती उड्या मारत बाजरीत शिरली. ताटं हलली. बाहेर आली, फिरली, पंख पसरले आणि तोंडावर पडली. पालथी.

माझ्या शेजारी दापिलाने श्वास सोडला, मला ऐकू आला. सासऱ्यांनी कोंबडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे ओले होते असं मला वाटतं. पाऊस झाल्यावर होतात तसे.

सचिव पोरेकूकडे वाकून काही बोलले. पोरेकूने मान हलवली. ड्रायव्हर जीपकडे गेला आणि टोपली घेऊन आला. टोपलीत आणखी चार होत्या.

परत विचारता येतं. रीत आहे तशी. नाकारलं तर का नाकारलं ते विचारायचं, माफी मागायची, पुन्हा द्यायची. सासऱ्यांनीच आयुष्यभर लोकांना तसं सांगितलं होतं.

दुसरी कुशीवर पडली. ते धरत नाहीत. तिसरी पालथी. चौथीच्या वेळी सासऱ्यांचा हात थकला होता, सुरी नीट चालली नाही, कोंबडी फार वेळ नाचली. फादरांनी घड्याळ पाहिलं. ती उताणी पडली, दोन्ही पाय आभाळाकडे.

खुर्च्यांवरून टाळ्या झाल्या. पाचवी टोपलीत उरली ती पोरेकूच्या माणसाने घरी नेली.

मग त्यांना कुदळ दिली. नवी, सरकारी, लांब दांड्याची. आमच्या कुदळींना आखूड दांडा असतो. त्यांना कुठे धरायचं ते कळेना. ठेकेदाराने येऊन त्यांचे हात दांड्यावर नीट लावून दिले, लहान मुलाचे लावतात तसे. त्यांनी कुदळ उचलली आणि बाजरीच्या ओळीत घातली. एक ताट मुळासकट उलटं झालं. फोटो काढणारा म्हणाला, आणखी एकदा. त्यांनी आणखी एकदा घातली.

फॉर्म इथे संपतो.

दुपारी ठेकेदाराने मजुरांची नावं घ्यायला सुरुवात केली. दापिला रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा ठेकेदार म्हणाला, "नाव?" त्याने सांगितलं. "काम येतं का?" ठेकेदाराने विचारलं, आणि दापिला म्हणाला, "खणायचं येतं."

पायाची दोरी ताणली होती ती माझ्या भुईमुगाच्या पहिल्या पट्ट्यातून जात होती. मी कडेला उभी राहून बघत होते. बाकीचे मजूर सरळ खणत होते, माती, पानं, सगळं एकत्र फेकत होते. दापिला आपल्या वाट्याच्या लांबीत थांबत होता. एकेक रोप खालून हात घालून, मातीच्या गोळ्यासकट उचलत होता आणि चराच्या काठावर ओळीने मांडत होता. मुकादम दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा म्हणाला, असाच खेळत बसलास तर उद्या येऊ नकोस. तेव्हा दापिलाने वर पाहिलं, मला पाहिलं, आणि मग तोही इतरांसारखा खणायला लागला.

काठावरची रोपं मी पाटीत भरली. उपटलेला भुईमूग पुन्हा लावला की लागत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या आईलाही माहीत होतं. तरी टाकवेना. पाटी डोक्यावर घेऊन घरी आले. सासरे मांडवाखाली होते, हाताला अजून रक्त, वाळून काळं झालेलं. मी पाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"बाबा, ही कुठे लावू?"

त्यांनी पाटीत पाहिलं. मग हात वर केला, जसा ते जमीन मागायला आलेल्या प्रत्येकापुढे करायचे, लांब, बोट सरळ. नदीकडे धरला. तिकडे सात घरांची ज्वारी. टेकडीकडे फिरवला, मग मिशनच्या भिंतीकडे, मग गोदामाकडे. रस्त्याकडे त्यांनी फिरवला नाही. हात खाली यायला लागला तसा दुसऱ्या हाताने कोपर धरून वर ठेवला. मी पाटीपाशी उभी होते. रोपांची पानं मिटायला लागली होती.

शेवटी हात कणगीच्या बाजूला आला, तिथल्या दोन कबरींपर्यंत. एक सासूबाईंची. दुसरी सासऱ्यांच्या बापाची. दोन्हींच्या मध्ये चटईएवढी जागा मोकळी होती, झाडून ठेवलेली. ती कोणासाठी ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तिथे लाव," ते म्हणाले.

"बाबा..."

"मागितलीस ना?"

मी खुरपं घेतलं आणि गुडघे टेकून बसले. माती कडक होती. धाकटी मांडवाखाली रडत होती, रडू दिली. पलीकडून पाया खणणाऱ्यांच्या कुदळींचा आवाज येत होता आणि त्यांतली दापिलाची कोणती ते मला कळत नव्हतं. पहिलं रोप लावलं, वीतभर सोडून दुसरं. सासरे ओंडक्यावरून उठून आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"जवळजवळ लाव," ते म्हणाले. "जागा फार नाही."